आधी ताबा, मग तह: साष्टीच्या खाडीचा इतिहास



 आपली इतिहास परिषद नाहूरला भरली याचा मला विशेष आनंद आहे. इतिहासाची चर्चा आपण रायगडाच्या पायथ्याशी करतो, पुण्यात करतो. नाहूर मात्र भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले एक स्थानक म्हणूनच लोकांना ठाऊक असते. इथून पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे लागतात, मग तिवरे आणि मग ठाण्याची खाडी. खाडीपलीकडे मुख्य भूमी. म्हणजे आपण बसलो आहोत ते साष्टी बेटावर. १५३४ ते १७८२ या अडीचशे वर्षांत या बेटावर गुजरातच्या सुलतानाने, पोर्तुगीजांनी, मराठ्यांनी आणि इंग्रजांनी आपापला हक्क सांगितला. आपण तहांची कलमे वाचून सत्तेचा इतिहास लिहितो, पण साष्टीत तह आणि ताबा फार क्वचित एकत्र नांदले. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की या दोहोंमधल्या फटीचा इतिहास लिहिला गेला पाहिजे.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी होती, मुंबईची बेटे होती. त्या तहात जमिनीइतकेच पाणीही होते, हे आपण विसरतो. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे निघालेल्या जहाजांनी वसईला यावे, परवाना घ्यावा, जकात भरावी, अशी अट त्यात होती. हा परवाना म्हणजे कार्ताझ. समुद्र आपल्या राजाचा आहे, असे पोर्तुगाल त्याच्या जोरावर म्हणत असे. १६०९ साली डच पंडित ह्यूगो ग्रोशियसने समुद्र कोणाचाच नाही असा ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांच्या बाजूने सेराफिम द फ्रेयतास याने १६२५ साली त्याला उत्तर दिले. युरोपातल्या या वादाचा खरा विषय आपल्या दारातले पाणी होते. या पाण्यावर होड्या हाकणाऱ्यांना मात्र त्यात कोणी विचारले नाही.

आता १६६१ चा तह. त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. पोर्तुगालच्या कॅथरीन राजकन्येच्या विवाहाच्या तहात मुंबईचे बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. पण मुंबई म्हणजे कुठवर? साष्टी आणि ठाणेही त्यातच येतात, असे इंग्रज म्हणत आणि त्यासाठी एका नकाशाचा दाखला देत. पोर्तुगीजांनी ते साफ नाकारले. १६६२ साली इंग्रजी आरमार बेट ताब्यात घ्यायला आले, तेव्हा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने कागदपत्रांतली खोट काढून ते द्यायचे नाकारले. मुंबईचा नियोजित इंग्रज गव्हर्नर अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. तिथे रोगराईने शिपमनसकट बहुतेकजण मेले. उरलेल्यांना घेऊन त्याचा चिटणीस हम्फ्री कुक आला आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याच्या हाती मुंबई पडली. साष्टी पडली नाही. राजांचा तह होऊन साडेतीन वर्षे लोटली, तरी साष्टीबाबत व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो जागचा हलला नव्हता. आपल्या राजाने केवढे संकट ओढवून घेतले आहे, हे त्याला लिस्बनपेक्षा स्पष्ट दिसत होते. मला तो या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा माणूस वाटतो.

पुढची सत्तर वर्षे या खाडीवर जे चालले, ते आपल्या परिसराच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहावे. कल्याण शिवाजी महाराजांकडे १६५७ मध्येच आले होते आणि तिथे आरमाराची जहाजे बांधणे सुरू झाले होते. ठाणे पोर्तुगीजांचे. मुंबई इंग्रजांची. मुंबईहून कल्याणकडे जाणारा माल खाडीने जाई आणि ठाण्यात पोर्तुगीज त्यावर जकात घेत. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने त्याविरुद्ध बराच झगडा केला. इंग्रजांची अवस्था माझगावातही बिकट होती. मुघलांचा आरमारप्रमुख सिद्दी पावसाळ्यात आपली जहाजे घेऊन तिथे ठाण मांडायचा. सुरतेची वखार मुघलांच्या मुलखात असल्यामुळे त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. मुंबईवर ज्यांचे सार्वभौमत्व, त्यांना आपल्याच बंदरात कोणी नांगर टाकावा हे ठरवता येत नव्हते.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्याकडे आपण याच नजरेने पाहिले पाहिजे. त्यांनी आपला दस्तक, म्हणजे समुद्री परवाना, काढला आणि तो नसलेली जहाजे धरली. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत आले होते. इंग्रजांनी कान्होजींना समुद्री चोर ठरवले, कारण दस्तक मान्य केला असता तर मराठ्यांची सागरी सत्ता मान्य करावी लागली असती. आरमार हे राज्याचे एक वेगळे अंग आहे, ही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली जाण त्या काळातलीच. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हरले. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र समेट केला आणि इंग्रज चरफडत परतले. याच आंग्रे घराण्याचे आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गाला पेशव्यांच्याच संमतीने इंग्रजांनी जाळले. मराठी माणसाला हे बोलताना आजही जड जाते. ते जड जाऊ द्यावे, पण बोलणे टाळू नये.

१७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. या विजयावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी पुढे जातो. नंतरची पस्तीस वर्षे साष्टी पेशव्यांची होती आणि मुंबईकर इंग्रजांचे डोळे तिच्यावर खिळले होते. १७७४ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर घराची भिंत कोसळलेली. इंग्रजांनी डिसेंबरअखेर ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. त्यात त्यांचा कमोडोर वॉटसन कामी आला. त्यानंतर, मार्च १७७५ मध्ये, सुरतेला पेशवेपदाचे दावेदार रघुनाथराव यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. जे आधीच घेतले होते, त्याचे दानपत्र मागून आले. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो तह उचलून धरला नाही. १७७६ साली पुरंदरला दुसरा तह केला, पण साष्टी सोडली नाही. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज शरण आले आणि ती परत देण्याचे कबूल केले. ते कलमही पाळले गेले नाही. शेवटी मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली.

आठ वर्षांत चार करार झाले, त्यांतली कलमे एकमेकांना छेद देणारी, आणि किल्ल्यावरची शिबंदी मात्र शेवटपर्यंत तीच. पाठ्यपुस्तकांत या तहांच्या तारखा पाठ करून घेतात. पण त्या आठ वर्षांत भांडुप-मुलुंडच्या रयतेने सारा कोणाकडे भरला, खाजणाचे बांध कोणी दुरुस्त केले, मिठावरची जकात कोणत्या चौकीवर दिली, हे कोणी विचारत नाही. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि ते पाणी कोणत्याही राजाच्या फर्मानाने परत जात नाही. इथले कोळी, आगरी, भंडारी आणि ख्रिस्ती शेतकरी यांच्यासाठी राज्यकर्ता म्हणजे वसूल करणारा आणि बांध राखणारा. मी त्यांच्या या व्याख्येला ग्रोशियसच्या व्याख्येपेक्षा कमी मानत नाही.

हा विषय संपलेलाही नाही. २०२० साली कांजूरच्या मेट्रो कारशेडच्या जमिनीवरून केंद्र आणि राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. मिठागराची जमीन कोणाची, हाच प्रश्न होता. दोन्हीकडून जुनी कागदपत्रे पुढे आली. खाडीकाठच्या जमिनीवर गेल्या पाचशे वर्षांत एकावर एक साचलेले हक्क उलगडायला वकील पुरे पडत नाहीत, तिथे अभ्यासक हवा.

म्हणून या परिषदेपुढे एक ठोस काम ठेवतो. सिमाव बोतेल्यू याने १५५४ मध्ये केलेल्या पोर्तुगीज महसुली नोंदीत वसई-साष्टीचे उत्पन्न आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मराठी अमदानीचे मोडी कागद आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोंदी मुंबईत आणि लंडनमध्ये आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांची वाट मराठी वाचकांसाठी खुली केली, तिला आता बराच काळ लोटला. या दफ्तरांतून भांडुप, नाहूर, मुलुंड आणि कांजूर या चार गावांपुरते जे मिळेल ते एकत्र करायला तीन माणसे लागतील: एक मोडी वाचणारा, एक पोर्तुगीज जाणणारा आणि एक गावच्या खाजणांची जुनी नावे सांगू शकणारा. तिसरा माणूस वयस्कर असणार, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. उद्याच्या सकाळच्या सत्रानंतर यासाठी बैठक ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुने सातबारे, मिठागरांचे पट्टे किंवा चर्चच्या नोंदींच्या नकला असतील, त्यांनी त्या जरूर सोबत आणाव्यात.