एकाच गळ्याचे दोन सूर

१९५० सालचा नाताळ जवळ आला होता. अमेरिकेत मर्क्युरी कंपनीने गायिका पॅटी पेज यांची नवी तबकडी काढली. मुख्य बाजूला नाताळचं गाणं, मागल्या बाजूला ‘टेनेसी वॉल्ट्झ’. लोकांनी तबकडी उलटवली आणि मागचंच गाणं डोक्यावर घेतलं! त्यातले जुळे सूर दोन गायिकांचे नाहीत. आधी मुद्रित केलेल्या स्वतःच्याच आवाजावर पॅटींनी दुसरा सूर चढवला होता. ‘कन्फेस’ या गाण्यात त्यांनी हे आधीही केलं होतं. इथे मात्र ती तंत्राची करामत वाटतच नाही. गाण्यातल्या, मैत्रिणीपायी प्रियकर गमावलेल्या मुलीचं एकटेपण त्यामुळे अधिक खोल होतं. पी वी किंग आणि रेड स्टुअर्ट यांच्या या गाण्याला १९६५मध्ये टेनेसीने राज्यगीताचा मान दिला.