आवाज नेमका कुठून येतोय?

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "सॉफ्टवेअरवर बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल आणि जेवण थंड होऊ देऊ नकोस." आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, वकील आहेत, आडत दुकानवाले आहेत, निम्म्या मुली शिक्षिका आहेत. या सगळ्यांना गोड लागेल असं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. जुनी गाडी मात्र जवळपास प्रत्येकाच्या घरी आहे किंवा होती. म्हणून मी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गाडीतल्या एका आवाजाबद्दल बोलणार आहे.

गाडी १९९८ ची, एमएच-२६ पासिंगची, पांढरी, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची. तीन सिलिंडर म्हटल्यावर नाव सांगायला नको. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णा तेव्हा ७६ वर्षांचे होते. लोह्याच्या अलीकडे आमचं थोडं शेत आहे, तिथे ते आठवड्यातून दोनदा जायचे. गुडघ्यामुळे स्कूटर बंद झालेली. गाडी गेली की शेतही गेलं, हे घरात कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

२०२३ च्या दिवाळीत मी पुण्याहून आले, तेव्हा घरात हाच विषय. सकाळी गाडी सुरू केली की टक-टक-टक-टक असा आवाज. रेस केली की भराभर आणि जोरात. आठ-दहा मिनिटं चालली की आवाज गायब. त्यामुळे गॅरेजपर्यंत पोचेपर्यंत ऐकवायला काही उरायचंच नाही. आमच्या धंद्यात असले दोष रोजचे: ग्राहकाकडे दिसतो, इंजिनिअर बघायला बसला की दिसत नाही. एका गॅरेजवाल्याने नुसतं वर्णन ऐकून सांगितलं, हाफ इंजिन करावं लागेल, २८ हजार. भाऊ म्हणाला, भंगारात द्या. आई म्हणाली, मी त्यात बसणार नाही. आणि अण्णा म्हणाले, "मला तर काहीच ऐकू येत नाही. तुमचेच कान तपासा."

त्यात डिसेंबरात नोंदणी संपत होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१३ आणि २०१८ ला ते झालं होतं, २०१८ ला फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. म्हणजे गाडी ठेवायची की नाही, हे त्या आठवड्यात ठरायचं होतं.

आता थोडं विज्ञान. बाई समोर बसल्या आहेत, चुकलं तर थांबवा. आपल्या गाड्यांचं इंजिन चार स्ट्रोकचं. खालचा क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा वरचा कॅम एकदा फिरतो, प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा भडका होतो. म्हणून कुठल्याही ठोक्याला पहिला प्रश्न विचारायचा तो म्हणजे, तू किती वेळा वाजतोस?

मी सकाळी थंड इंजिन सुरू करून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि लॅपटॉपवर त्याची लहर उघडून मोजली. सायलेंसरची घुमघुम सेकंदाला साधारण ३० वेळा, म्हणजे तीस भडके. तीन सिलिंडर असल्यामुळे यावरून क्रँकचे फेरे निघतात: सेकंदाला २०, मिनिटाला १,२००. आणि टक-टक? सेकंदाला १०. दर तीन भडक्यांना एक ठोका, दर दोन फेऱ्यांना एक ठोका. क्रँकच्या बेअरिंगचा ठोका सहसा प्रत्येक फेऱ्याला येतो, तो वीस आला असता. ज्या आजारात इंजिन रस्त्यात जॅम होऊ शकतं, त्याची शक्यता इथेच बरीच कमी झाली. मला त्या रात्री झोप लागली.

पण दहाच्या हिशेबात बसणारे तिघे उरतात. एक, टॅपेट ढिला असणं. ते पान्याने अर्ध्या तासात बसतं. दोन, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटणं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापला की फुगतो, फट भरते आणि आवाज थांबतो. हाच तो २८ हजारवाला संशयित. तीन, इंजिन आणि सायलेंसरच्या मॅनिफोल्डमधलं पॅकिंग एका सिलिंडरपाशी फाटणं. प्रत्येक भडक्यानंतर तिथून धूर फट् करून निसटतो आणि धातू तापून फुगला की फट मिटते. बाहेरून तिघांचंही गाणं एकच. आधी इंजिन उघडून मग शोधायचं, ही पद्धत मला कामातही चालत नाही. ज्याचं उत्तर या तिघांसाठी वेगवेगळं येईल, अशी परीक्षा हवी.

तेवढ्यात अण्णांची गंमत झाली. वय वाढतं तसं कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात. माणसाचा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'त', 'फ' निसटतात. आणि बारीक टकटक पूर्ण जाते. मी ते रेकॉर्डिंग चौपट हळू केलं. आवाज हळू होतो तशी पट्टीही खाली उतरते. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला. परत लाव म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "अगं, हे पॅकिंग गेलंय. आमच्या डिझेल पंपाला हाच आवाज यायचा. यात ठोक्याच्या शेवटी हवा आहे." मी पुन्हा ऐकलं. खरंच, 'टक' नव्हतं ते, 'टफ्' होतं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मग इतके दिवस आमचे कान तपासायला निघाला होतात ते?"

अनुभवी माणसाचं मत मिळालं, तरी परीक्षा करायचीच. अण्णांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांना सकाळी सहाला, गाडी थंड असताना, घरीच बोलावलं. आल्या आल्या म्हणाले, "इंजन नक्को खोलो बेटा, पैले सुनो." माझं अर्धं भाषण त्यांनी एका वाक्यात केलं.

त्यांनी इंजिन चालू असताना जाड रबर लावलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर काढली. (हे घरी करू नका, जबर झटका बसतो. आणि मैत्रिणींनो, चालू इंजिनावर वाकताना ओढणी-पदर आधी खोचा, फिरणारा पट्टा विचारत नाही.) पहिल्या दोन वायरींना टकटक तशीच. तिसरी काढली आणि आवाज जवळजवळ गेला. त्या सिलिंडरमध्ये भडका नाही, तर आवाज नाही. टॅपेट असता तर भडका असो नसो, वाजतच राहिला असता. एक संशयित सुटला.

मग त्यांनी लांब पेचकस काढला, टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाच्या हाडाला. सर, तुम्ही नादकाटा वाजवून त्याची दांडी टेबलावर टेकवली होती आणि सगळं टेबल बोलायला लागलं होतं, तेच हे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि तिथून स्टेथोस्कोप निघाला. उस्तादांना लेनेक माहीत नाही, पण घराणं एकच. पेचकसातून धातूचा आवाज येतो. पिस्टन आपटत असता तर सिलिंडरच्या अंगावर तो ठणठणीत ऐकू आला असता. तिथे काही विशेष नव्हतं. मग हातभर रबरी पाइप घेऊन त्याचं एक टोक कानाशी आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. पाइपमधून धातू नाही, हवा ऐकू येते. तिसऱ्या सिलिंडरपाशी त्यांनी एकदम कान मागे घेतला. खात्रीसाठी मला सायलेंसरच्या तोंडाशी ओलं पोतं क्षणभर अर्धवट धरायला लावलं. धुराला मागची वाट अडली, तशी पुढची टकटक दुप्पट झाली.

इंजिन गार झाल्यावर टॉर्च लावला तर पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा होता आणि शेवटच्या बोल्टचा नट बोटाने फिरत होता. पंचवीस वर्षं तापणं आणि निवणं, दुसरं काही कारण नाही. पॅकिंग, दोन नट आणि मजुरी मिळून ९०० रुपये. उस्ताद नाश्ता करून साडेनऊला गेले.

"किरकोळ होतं" असं मात्र मी म्हणणार नाही. त्या फटीतून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि थंडीत काचा बंद करून बसलं तर तो आत साचू शकतो. अण्णा काच उघडी ठेवून चालवतात, ते बरं झालं. आई बसणार नाही म्हणाली, तेही बरोबरच होतं.

नोंदणीचे ५,००० भरले, फिटनेस झालं, आता २०२८ पर्यंत चिंता नाही. भावाने तरी विचारलंच, गाडीचं ठीक आहे, पण हॉर्न ऐकू येतो का यांना? त्या प्रश्नावर घरात दोन दिवस शांतता होती. शेवटी अण्णा स्वतःच म्हणाले, चला. श्रवण तपासणीचा आलेख डावीकडे सपाट आणि उजवीकडे उतरत गेलेला होता. दोन्ही कानांना यंत्रं बसली. ती नसताना गाडीची किल्ली मिळत नाही. किल्ली आईकडे असते. शेत मात्र चालू आहे, यंदा हळदही लावली आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा आवाज असेल, तर एवढंच करा: सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करतानाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवा, बॉनेट उघडून. दुपारच्या सत्रापर्यंत मी इथेच आहे आणि लॅपटॉप आणला आहे. आता जेवायला चला, संयोजक घड्याळ दाखवत आहेत.