एका बेटावरचे फूल



वर्गात मोहरीचे फूल मुलांच्या हाती दिले, तर चार पाकळ्या अधिकचिन्हाप्रमाणे मांडलेल्या त्यांना दिसतात. सहा पुंकेसरांपैकी चार लांब व दोन आखूड आढळतात. याच कुळातील एका पिवळ्या फुलाची हकीकत त्या पाठाला जोडून सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे समुद्रात लंडी नावाचे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ५ किलोमीटर, रुंदी जेमतेम १. त्याच्या पूर्वेकडील कड्यांवर 'लंडी कोबी' ही वनस्पती उगवते. रानटी स्थितीत ती जगात अन्यत्र कोठेही नाही. स्वतंत्र जात म्हणून तिचे वर्णन १९३६ साली झाले. तिच्यावरच उपजीविका करणारा एक चिमुकला, काशाच्या रंगाचा भुंगेराही त्या बेटाबाहेर आढळत नाही. कोबी गेला, की तोही गेलाच.

या फुलावरील मोठे संकट सुंदर रूप घेऊन आले. एकोणिसाव्या शतकात बेटावर ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे शोभेसाठी लावण्यात आली. त्यांची जांभळट फुले मोहक खरी. परंतु झुडपे कड्यांवर पसरली आणि त्यांच्या दाट सावलीत कोबीच्या रोपांना ऊन मिळेना. जी रोपे वाचत, त्यांचे फुलोरे बी धरण्यापूर्वीच शेळ्या, मेंढ्या व ससे खाऊन टाकीत.

पुढे हे रान काढण्याचे काम अनेक वर्षे चालले. दोरांच्या आधाराने कड्यांवर उतरून माणसांनी झुडपे तोडली. तथापि एकदा तोडून भागत नाही. नव्याने उगवणारी रोपे पुन्हा पुन्हा शोधून उपटावी लागतात. लावणे सोपे, निस्तरणे कठीण, हे येथे प्रत्ययास येते.

ही हानी कोणी वैरभावाने केली नव्हती. ती हौसेतून झाली. आपल्याकडील घाणेरीही बागेची शोभा म्हणूनच परदेशातून आली आणि आज माळरानी माजली आहे. म्हणून मुलांना एकदा शिवारात न्यावे. घाणेरीच्या जाळीखाली काय उगवते व शेजारच्या मोकळ्या जागी काय उगवते, याच्या दोन याद्या त्यांच्याकडून करवून घ्याव्यात. त्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे दूरच्या बेटाची गोष्ट मुलांना आपल्या गावची वाटेल.