पाठशुद्धी आणि रिकामी खोली



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या स्मृतीस वंदन करतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या विषयाला हात घालावा याचे आपणांस नवल वाटेल. परंतु लिनक्सची पॅकेजे कंटेनरमध्ये कशी घडवतात हे समजून घेताना मला आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराचे वारंवार स्मरण झाले. तेथे १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध झाली. हस्तलिखिते ताडून, लेखनिकांनी पदरचे काय घातले ते निवडून काढण्याचे ते काम. लिनक्सच्या जगातही प्रश्न हाच आहे: मूळ संहिता आणि आपल्या हाती पडणारी प्रत यांच्यामध्ये कोणाचा हात फिरला?

प्रोग्रामर लिहितो ती संहिता माणसाला वाचता येते. संगणक चालवतो ती तिच्यापासून सिद्ध केलेली यंत्रभाषेतील प्रत. ती वाचणे फार दुष्कर. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये आरंभलेल्या डेबियनसारख्या वितरणांत ही प्रत 'पॅकेज' म्हणून बांधून पुरवली जाते. ते पॅकेज एखाद्याच्या रोजच्या संगणकावर घडवले, तर तेथे आधीपासून पडलेल्या वस्तूंचा त्यास नकळत आधार मिळतो. अमुक लायब्ररी लागते अशी नोंद कोठेच नसते, पण ती तेथे असते म्हणून काम निभावते. दुसऱ्याकडे मात्र अडते.

यावर उपाय रिकाम्या खोलीचा. १९७९ च्या युनिक्समधील 'सीएचरूट' हे तिचे आद्य रूप. कामाला फाइलींचा ठराविक कोपराच दिसावा, इतकीच त्याची झेप. पुढे लिनक्सच्या गाभ्यात नेमस्पेस व सी-ग्रुप आले आणि २०१३ मध्ये डॉकर आल्यावर कंटेनर हा शब्द सर्वतोमुखी झाला. कंटेनर म्हणजे निराळा संगणक नव्हे. गाभा यजमानाचाच, परंतु आतल्या कामाला स्वतःच्याच फाइली दिसतात आणि हवे तर बाहेरचे जाळेही तोडता येते. जाहीर केलेले साहित्य तेवढे आत ठेवायचे, पॅकेज घडवायचे आणि खोली मोडून टाकायची. सोवळ्यातला स्वयंपाक याच जातीचा. त्या सोवळ्याने माणसे दूर ठेवली हे निंद्यच. येथे ते भांड्यांपुरते आहे.

इतके करूनही दोन प्रती जुळतीलच असे नाही. ट्रूटाइप टंकाच्या फाइलीत ती निर्माण झाल्याची वेळ लिहिण्याची जागा असते. लोहित देवनागरी हा आपला टंक आज घडवा वा उद्या, अक्षरांची वळणे तीच. पण घड्याळातली वेळ आत उतरली की फाइली वेगळ्या. डेबियनमध्ये २०१३ पासून चाललेल्या खटपटीतून 'सोर्स-डेट-इपॉक' हा संकेत रूढ झाला: घड्याळातली वेळ न लिहिता संहितेची ठरलेली तारीख लिहावी. मग दोघांनी दोन स्थळी घडवलेल्या प्रती बाइट न बाइट जुळल्या, तर मधल्या लेखनिकाने काही घातले नाही असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

परंतु खोली स्वच्छ म्हणून आत आणलेली पोथीही शुद्ध, असे कोणी मानू नये. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. साहाय्यक म्हणून वावरत विश्वास संपादन केलेल्या एका नावाआड तो रचला गेला होता. त्याला जागे करणारा मजकूर प्रकाशित गठ्ठ्यात होता, सार्वजनिक भांडारातील संहितेत नव्हता; आणि डेब वा आरपीएम पॅकेज घडत आहे असे ओळखूनच तो काम करी. स्वच्छातल्या स्वच्छ कंटेनरनेही तो इमानाने आत बांधला असता. दोन ठिकाणच्या दोन प्रतीही बिनचूक जुळल्या असत्या. पडताळणी हवी होती ती गठ्ठा आणि भांडार यांची. परंतु अशा गठ्ठ्यात यंत्राने निर्मिलेल्या फाइली पुष्कळ असतात. फरक असायचाच, असे धरून सहसा कोणी ताडून पाहत नसे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला तो निराळ्याच वाटेने: दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, हे ते शोधत होते.