तान्हे मूल, आईचा रोज आणि थोरलीची शाळा
(गावातील सभेत एका शिक्षिकाबाईंनी केलेले भाषण)



शाळेचा हजेरीपट रोज माझ्या हातात असतो, म्हणून त्यातलेच बोलते. घरात पाळणा बांधला की चौथीतल्या थोरलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात. तिचा भाऊ मात्र शाळेत येतो! विचारावे तर आई म्हणते, "बाई, मी खुरपायला गेले तर तान्ह्याकडं कोण बघंल?" तिचा प्रश्न खरा आहे. रोज बुडवून तिचे भागत नाही. पण आईला न झेपणारे ओझे नऊ वर्षांच्या पोरीच्या कडेवर द्यावे, हा कोठला न्याय?

बाळंतिणीला पगारी विसावा हवा, ही गोष्ट आपल्या इलाख्यात गिरणीतल्या बायांसाठी पुढे आली. त्या काळी कितीतरी आया तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवीत आणि कामावर जात. हौसेने नव्हे, इलाज नव्हता म्हणून. १९२८ साली मुंबई कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी याविषयीच्या बिलाला पाठिंबा दिला व १९२९ साली कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांची २६ झाली, आणि ५० वा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर ठेवावे असे ठरले.

उत्तम झाले. परंतु दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारीने ही रजा कोणाकडे मागावी? कुंभारणीने, बुरडणीने कोणत्या कचेरीत अर्ज करावा? ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई एक दिवस खोपीत राहिली तर खाडा मांडून पैसे कापतात. तिचे मूल फडात पाचटावर निजते. आम्हा शिक्षिकांना सहा महिने पगारी रजा मिळते. आमचे बाळंतपण का तिच्याहून अवघड असते?

तेव्हा कायदा पोचेपर्यंत घराने व गावाने काय करावे ते पाहू. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. दूध तेवढे आईचे. बाकी न्हाऊ घालणे, झोळी हलवणे, दुपटी धुणे, यात पुरुषाला न जमण्यासारखे काय आहे? गाय व्यायला झाली म्हणजे जो गोठ्यात रात्रभर जागतो, त्याने आपल्या लेकरापाशी का जागू नये? रान जवळ असेल तर बापाने मूल बांधावर न्यावे, आईने पाजून परत कामाला लागावे. लांब असेल तर उकळून घेतलेल्या भांड्यात आईचे दूध काढून झाकून ठेवावे. फार उष्मा नसेल तर ते चार तास टिकते. वाटीचमच्याने पाजावे, बाटली नको.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक शहाणपणाची गोष्ट लिहिली होती: कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली की मजुरणींपैकीच एकीने ती सांभाळावी आणि तिला मजुरी मिळावी. हीच रीत शेतमजुरीला का लावू नये? सहाजणींनी सातवीला मुलांपाशी बसवावे, तिचा रोज सर्वांनी मिळून भरावा. मळेवाल्यानेही त्यात वाटा घालावा. पीक त्याच्याच घरी जाते.

कापूस वेचणी तोंडावर आली आहे. ज्यांच्या घरी तान्हे आहे त्यांनी सभा उठल्यावर थांबावे. कोणाच्या ओसरीवर मुले ठेवायची आणि पहिल्या आठवड्यात कोणी बसायचे, हे आजच ठरवू. बाप्यांनीही थांबावे.