पंचायतघराच्या ओसरीवरील टॅब

(ग्रामपंचायतींचे सचिव, ग्रंथपाल व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत. कोणत्याही पंचायतघरात गेले तरी भिंतीवर सूचनाफलक हा असतोच. ग्रामसभेची सूचना, घरपट्टीची मुदत, एखाद्या योजनेचे परिपत्रक असे कागद त्यावर डकवलेले असतात. पावसाळ्यात त्यांची शाई उतरते, एका सूचनेवर दुसरी चढते, आणि ज्याच्यासाठी ती लिहिलेली असते तो मनुष्य कामावरून परतेपर्यंत कार्यालयाला कुलूप लागलेले असते. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मधील चौथ्या कलमाने, नागरिकाने मागण्यापूर्वीच माहिती त्याच्यापुढे ठेवण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर सोपविले आहे. ही माहिती देताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात परिणामकारक ठरणाऱ्या माध्यमाचा विचार व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. ओसरीवर बसविलेला एक साधा टॅब या कर्तव्यपूर्तीचे साधन होऊ शकतो. मात्र त्यासाठी तो एकाच कामाला बांधून ठेवावा लागतो. अशा बांधलेल्या यंत्रालाच किऑस्क म्हणतात.

बांधण्याचे दोन प्रकार

टॅब हे मुळात एका व्यक्तीच्या हातात राहावे अशा हेतूने बनविलेले यंत्र होय. त्यात खेळ आहेत, कॅमेरा आहे, बाजार आहे. तो आहे तसा चारचौघांत ठेवला, तर सकाळी योजनांची माहिती देणारे यंत्र संध्याकाळी करमणुकीचे होते, आणि कोणीतरी त्यातील मांडणीच बदलून टाकतो.

हे टाळण्याचा पहिला प्रकार सोपा आहे. अँड्रॉइड प्रणालीत 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीपासून एखादे ॲप पडद्यावर 'पिन' करण्याची, म्हणजे खिळवून ठेवण्याची सोय आहे. आयपॅडवर 2012 पासून 'गायडेड ॲक्सेस' या नावाने तशीच सोय मिळते. सेटिंग्जमध्ये ती चालू करावी आणि बाहेर पडताना सांकेतिक अंक विचारला जाईल अशी व्यवस्था ठेवावी. वर्गात तासाभरासाठी मुलांच्या हाती टॅब देणाऱ्या शिक्षकाला एवढे पुरते. परंतु वीज जाऊन अँड्रॉइडचा टॅब बंद पडला व पुन्हा सुरू झाला, की ॲप खिळलेले राहत नाही. ओसरीवर दिवसभर एकट्या उभ्या असणाऱ्या यंत्राला ही बांधणी अपुरी आहे.

दुसरा प्रकार पक्क्या बांधणीचा. यात टॅब आधी कोरा केला जातो, म्हणजे कारखान्यातून आला त्या अवस्थेत नेला जातो. मग स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकविले की क्यूआर चिन्ह वाचण्याची सोय उघडते. व्यवस्थापन करणाऱ्या ॲपने दिलेले चिन्ह तेथे दाखविले, की त्या ॲपला यंत्राच्या मालकाचे अधिकार मिळतात. त्यानंतर कोणते ॲप चालावे, कोणती संकेतस्थळे उघडावीत, वरून खाली ओढली जाणारी सूचनांची पट्टी दिसावी की नाही, हे सारे कार्यालय ठरविते. वीज जाऊन आली तरी यंत्र आपल्या कामावर परत येते. हे काम वापरात असलेल्या टॅबवर मागाहून करणे अवघड जाते. म्हणून नवा टॅब डब्यातून काढताक्षणी, कोणाचेही खाते त्यात घालण्यापूर्वी, ते उरकावे.

खाते कोणाचे?

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. टॅबमध्ये घालावयाचे खाते कार्यालयाच्या नावाचे असावे, कर्मचाऱ्याचे खासगी नसावे. चोरी निरुपयोगी ठरावी म्हणून आजच्या यंत्रांत अशी योजना आहे की, कोणी ते बळजबरीने कोरे केले तरी पूर्वीच्या खात्याची ओळख पटविल्याशिवाय ते सुरू होत नाही. सचिवांची बदली झाली आणि खाते त्यांच्याबरोबर गेले, तर हेच संरक्षण आपल्यावर उलटते आणि सरकारी पैशांतून घेतलेले यंत्र भिंतीवरची पाटी होऊन बसते. खात्याची माहिती व सांकेतिक अंक मोहोरबंद पाकिटात ठेवावेत आणि कार्यभार देता-घेताना त्याची नोंद व्हावी.

मागचा माणूस पुढच्याला दिसू नये

खरा धोका मात्र यंत्राच्या चोरीहून मोठा आहे. एखादी विधवा भगिनी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरते. तिचा आधार क्रमांक, बँकेचे खाते, पत्ता पडद्यावर तसाच राहतो आणि ती निघून जाते. पुढचा मनुष्य कसा असेल, कोणी सांगावे? म्हणून मिनिटभर कोणी हात लावला नाही, तर भरलेले सर्व पुसून पहिले पान यावे, अशी योजना करावी. संकेतशब्द जतन करण्याची सोय बंद ठेवावी. कळफलकसुद्धा आधी लिहिलेले शब्द लक्षात ठेवतो आणि पुढच्याला सुचवितो. ती सवयही बंद करावी. माझे तर असे मत आहे की प्रारंभी या टॅबवर कोणाची माहिती घेऊच नये, केवळ द्यावी : ग्रामसभेची तारीख, गृह आधार योजनेच्या अटी, एक-चौदाच्या उताऱ्यासाठी कोठे जावे, कोणती कागदपत्रे लागतात. एवढ्यानेही कितीतरी हेलपाटे वाचतील.

बांधणी पक्की झाली की नाही हे पाहण्याचा उत्तम मार्ग शिक्षकांच्या हाती आहे. सातवीच्या चार मुलांना बोलावून "यातून बाहेर पडून दाखवा" असे सांगावे. कळफलकावरील चक्राचे चिन्ह, दाबून धरलेला शब्द, पानाच्या तळाशी असलेला दुवा अशा ज्या फटी आपल्याला दिसत नाहीत, त्या ती मुले अर्ध्या तासात शोधून काढतील.

उष्णता, वीज आणि उंची

टॅबची बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली आणि त्यात बंद पेटीतील उष्णतेची भर पडली, तर ती लवकर खराब होते, कधी फुगतेही. फुगलेली बॅटरी ही आगीची सूचना समजून टॅब ताबडतोब उतरवावा. काही यंत्रांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरणे थांबविण्याची सोय असते. नसल्यास घड्याळी प्लग लावून ठरावीक तासच वीज द्यावी. कुलूपबंद लोखंडी चौकटीला वारा खेळण्याजोगी भोके असावीत आणि तिच्यावर ऊन वा पावसाची झड येऊ नये. चौकट चाकांच्या खुर्चीवरील माणसाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर बसवावी. अक्षर मोठे असावे. मराठी व कोकणी दोन्ही असाव्यात, आणि कोकणी रोमी लिपीत वाचणाऱ्यांचाही विसर पडू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोललेली सूचना असावी.

शेवटी एवढेच. यंत्र बांधून ठेवायचे ते नागरिकाला दार मोकळे व्हावे म्हणून. "टॅबवर बघा" हे उत्तर देऊन खिडकी बंद करण्याचे निमित्त तो होऊ नये. त्याच्या पहिल्याच पानावर, अडचण आल्यास कोणाला व केव्हा भेटावे, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, आणि त्या वेळी तो अधिकारी जागेवर असावा. दर आठवड्याला एका कर्मचाऱ्याने माहिती ताजी आहे की नाही हे तपासून नोंदवहीत सही करावी. जुनी तारीख दाखविणारा टॅब हा कोऱ्या फलकाहून वाईट होय. कारण कोरा फलक निदान कोणाला चुकीच्या दिवशी बोलावीत नाही.