छोटें इंजिन रुंद रुळावर

विजेवर चालणारीं छोटीं इंग्लिश आगगाडीचीं इंजिनें ज्यांनीं जवळून पाहिलीं असतील, त्यांना त्यांतील कारागिरीचें कौतुक वाटल्यावांचून राहिलें नसेल. धुराडें, खिडक्या, फार काय बाजूवरील बारीक अक्षरेंसुद्धां प्रमाणशीर असतात. परंतु तेंच इंजिन समोरून पाहावें. एखाद्या धिप्पाड पैलवानानें पाय जुळवून उभें राहावें, तसें तें दिसतें. अंग बरोबर मापाचें, पण पाय नको तितके जवळ!

या व्यंगाचें मूळ १९२२ सालाइतकें जुनें आहे. त्या वर्षीं न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याची, जेवणाच्या मेजावर मावणारी आगगाडी इंग्लंडांत विक्रीस आली. अशा गाड्यांच्या रुळांतील अंतर पुढें १६.५ मिलिमीटर ठरून गेलें. खऱ्या फुटाला साडेतीन मिलिमीटर असें प्रमाण धरलें, तर ४ फूट ८॥ इंचांच्या खऱ्या रुळांना हें माप बरोबर लागू पडतें. पण इंग्लंडचीं इंजिनें इतर देशांतील इंजिनांच्या मानानें मुळांतच अंगानें लहान. त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटांत मावेनात. तेव्हां कारखानदारांनीं इंजिनाचें अंग फुटाला चार मिलिमीटर या मापानें वाढविलें आणि रूळ होते तसेच ठेवले. वाढलेल्या अंगाला १८.८३ मिलिमीटर रुंदीचे रूळ हवेत. मिळाले ते ४ फूट १॥ इंचांच्या हिशेबाचे. म्हणजे तब्बल सात इंचांची चोरी! पुढें मोटारी पुष्कळ लहान झाल्या. पण तोंपर्यंत अरुंद रूळ घरोघरीं पसरले होते, आणि विकत मिळणारें तयार इंजिन आजही त्याच मापाचें येतें.

चोखंदळ हौशी लोकांनीं यावर दोन तोडगे काढले. एकांत रूळ प्रथम १८ व नंतर १८.२ मिलिमीटरांचे केले. यालाच ‘ईएम’ म्हणतात, व त्याचा पुरस्कार करणारी संस्था १९५५ सालीं स्थापन झाली. दुसरा तोडगा बिनचूक १८.८३ चा. परंतु त्यांत चाकांच्या कडा इतक्या बारीक असतात कीं, प्रत्येक चाकाला रुळाप्रमाणें खालींवर होण्याची मुभा द्यावी लागते. नवशिक्यानें पहिला मार्ग धरावा, हेंच शहाणपणाचें.

इंजिनाची निवडही तशीच विचारपूर्वक व्हावी. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचें ‘पॅनिअर टँक’ या कामाला फार सोयीचें. बैलाच्या पाठीवर गोणी लादावी, तशा त्याच्या बाष्पकाच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असतात. १९२९ ते १९५० या काळांत त्याच्या एकाच जातीचीं ८६३ इंजिनें तयार झालीं. त्याचे सिलिंडर सांगाड्याच्या आंत असल्यामुळें चाकांबाहेर जोडदांड्यांखेरीज दुसरें कांहीं हलत नाहीं. गंमत अशी कीं, याच रेल्वेनें १८९२ च्या मे महिन्यांत चार हजारांहून अधिक मजूर लावून आपले उरलेसुरले सात फुटी रूळ ४ फूट ८॥ इंचांवर आणले होते. तेथें रुंदी कमी करावयाची होती. येथें ती वाढवावयाची.

प्रथम तळची पट्टी काढली कीं चाकांसकट आंस सुटे होतात. जुन्या चाकांच्या आंतल्या अंगांमधील अंतर १४.५ मिलिमीटरांच्या आसपास असतें. नव्या चाकांचें १६.५ ठेवावयाचें. म्हणजे जुन्या रुळांची सबंध रुंदी आतां दोन चाकांच्या मध्यें जाऊन बसते. सांगाडा पूर्वींचाच अरुंद राहतो, म्हणून आंसावर पातळ वॉशर घालून दोन्ही बाजूंची पोकळी भरून काढावी. ज्या आंसावर दांत्यांचें चाक असतें, तेथें हातोडी मुळींच लावूं नये; शेगड्यांत धरून हळूहळू दाबावें. तें चाक बहुधा प्लास्टिकचें असतें, आणि एकदां तडकलें कीं मोटार फिरते पण इंजिन जागचें हलत नाहीं.

खरी परीक्षा पुढेंच आहे. एका बाजूच्या चाकावरील खुंटी वर असेल, तेव्हां दुसऱ्या बाजूची तिच्याशीं काटकोनांत हवी. खऱ्या इंजिनांत हा काटकोन नसेल तर दोन्ही दट्टे एकदमच टोकाला पोंचतील आणि इंजिन अडून बसेल. छोट्या इंजिनांत कोन अंशभर चुकला तरी निभावतें. मात्र तिन्ही आंसांवर चूक सारखीच हवी. एका आंसावरचा कोन निराळा पडला, कीं जोडदांडे अडकून इंजिन लंगडूं लागतें. पुष्कळ जण येथें कंटाळून दांड्यांचीं भोकें मोठीं करतात. चाल कांहींशी मोकळी होते, पण दोष जागच्या जागींच राहतो. पुन्हां चाक काढून फिरवून बसविणें हाच उपाय, आणि तोही बेतानेंच. कारण दोनचारदां काढघाल केली कीं प्लास्टिकचा तुंबा आंसावर घट्ट बसत नाहीं.

त्यानंतर ब्रेकचे ठोकळे चाकांच्या रेषेंत बाहेर सरकवावे. चाकांवरील आच्छादनें आंतून कानशीनें पातळ करावीं. वीज घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या चाकांच्या पाठीला हलकेच टेंकतील अशा वांकवाव्या. त्या जोरानें दाबल्या तर चाकांना ब्रेकच लागतो.

हें सारें आरंभण्यापूर्वीं घरांत एकदां स्पष्ट बोलणें झालेलें बरें. महागामोलाचें इंजिन उघडून त्यांत फेरफार केले, कीं कारखान्याच्या हमीवर विसंबतां येत नाहीं. रूळ व सांधे सगळेच नवे घालावे लागतात. मुलांच्या संचांतील दीड फूट त्रिज्येचें वळण या चाकांना चालत नाहीं; निदान तीन फूट तरी हवें. आणि शेजारच्या मित्राच्या रुळांवर हें इंजिन पुन्हां कधीं धांवणार नाहीं. पहिल्याच इंजिनावर कानस धरण्यापूर्वीं या गोष्टी ठरवाव्या. पांचवें इंजिन उघडल्यावर नव्हे.

सर्व जुळल्यावर लागलीच वीज सोडूं नये. मोटार काढून ठेवावी आणि इंजिन कांचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानें पुढें ढकलावें. सहाही चाकें न घसरतां फिरलीं तर मोटार बसवावी. एखादें घसरलें तर पुन्हां त्याच आंसाकडे जावें. काढलेलीं जुनीं चाकें, वॉशर व स्क्रू एका डबींत घालून वर इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवावा. उद्यां इंजिन विकावयाची वेळ आली, तर गिऱ्हाईक बहुधा अरुंद रुळांचेंच भेटतें.